चारचाकीचे ब्रेक का वाजतात: खानदेशातील नव्या गाडीमालकांसाठी तपासणी आणि दुरुस्ती

ब्रेक दाबताच चाकातून येणारी बारीक, कानाला टोचणारी किंकाळी नव्या गाडीमालकाला घाबरवते आणि घाईघाईने गॅरेजच्या दारात नेऊन उभे करते, जिथे पुष्कळदा ‘लायनर बदलून टाकू’ हे एकच उत्तर तयार असते. लायनर संपणे हे ब्रेक वाजण्याच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे. आवाज कधी येतो, कोणत्या चाकातून येतो आणि पेडल किती दाबल्यावर येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली की निदानाचा मोठा भाग पाना उचलण्यापूर्वीच पार पडतो.

मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पोकळ डबे, ज्यांना आतून शू नावाच्या वक्र पट्ट्या दाबल्या जातात. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर घट्ट बसवलेला घर्षणाचा थर, ज्याला आपल्याकडे सर्रास लायनर म्हटले जाते. ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पकडीतला, पिस्टन आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर ढकलतो आणि त्याच जोराने संपूर्ण कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून बाहेरच्या बाजूचा पॅड ओढून घेतो. पॅड डिस्कवर एकसारखा घासत गेला, तर आवाज होत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडू लागले की पॅड, डिस्क व कॅलिपर हे सगळेच थरथरू लागतात. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की तो किंचाळतो, त्यामागचे कारण हेच आहे. म्हणूनच वाजणारा ब्रेक उत्तम काम करीत असू शकतो आणि मुळीच न वाजणारा ब्रेक संपत आलेला असू शकतो, हे नवशिक्याने आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडच्या हवामानाचा आणि रस्त्यांचा यात मोठा वाटा आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, शेतरस्त्यांवरचा फुफाटा चाकांत शिरतो आणि स्लाइड पिनांवरचे ग्रीस वाळून घट्ट होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल कॅलिपरच्या कोपऱ्यांत बसतो, सुकतो आणि पॅड मोकळेपणाने मागे सरकू देत नाही. तोरणमाळहून शहाद्याकडे, चांदसैली घाटातून तळोद्याकडे किंवा कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर पॅड तापून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यातच नोकरीनिमित्त सुरत, पुणे किंवा मुंबईला राहणाऱ्यांच्या गाड्या गावी महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असतात आणि त्यांच्या डिस्कवर गंज धरतो.

आधी आवाज ऐकावा

एखाद्या शांत रस्त्यावर, शक्यतो लांब कुंपणभिंतीच्या कडेने, सर्व काचा खाली करून आणि एसी, पंखा व रेडिओ बंद ठेवून गाडी ताशी २० ते ३० किलोमीटरने चालवावी. भिंतीवरून आवाज परत येत असल्याने तो कोणत्या बाजूचा आहे, हे चालकाला कळते. एकदा ब्रेक हलका दाबून, एकदा जोराने दाबून, एकदा गाडी मागे घेताना आणि एकदा ब्रेकला न शिवता ऐकावे. घरातले कोणी बाजूने चालत येऊन चाकाकडे कान लावू शकले, तर फारच उत्तम. मात्र त्या वेळी गाडीचा वेग चालण्याइतकाच असावा.

सकाळच्या पहिल्या तीन-चार ब्रेकला आवाज येऊन नंतर तो नाहीसा होत असेल, तर रात्रीच्या दवाने, पावसाने किंवा गाडी धुतल्याने डिस्कवर आलेला पातळ गंज हे त्याचे कारण असते. पॅड तो गंज स्वतःच खरवडून काढतात, त्यामुळे येथे काहीही करायचे नसते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटारच करते आणि पॅडचा वापर कमी होतो, म्हणून हा आवाज अशा गाड्यांत अधिक वेळा ऐकू येतो.

सिग्नलला थांबताना हलक्या ब्रेकवर बारीक किंकाळी येते आणि जोरात दाबल्यावर ती बंद होते, असा अनुभव असल्यास पॅडची थरथर हेच कारण समजावे. धूळ, गुळगुळीत झालेला पृष्ठभाग, पॅडच्या पाठीवरची हरवलेली पातळ पत्री किंवा सैल झालेली क्लिप यांपैकी काहीतरी त्यामागे असते, आणि घरच्या घरी सर्वांत सहज बरा होणारा आवाज हाच आहे.

ब्रेक न दाबताही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर चीं-चीं असा आवाज येत असेल आणि पेडलला हलकेच पाय लावताच तो बदलत किंवा थांबत असेल, तर पॅड डिस्कला सतत टेकलेला आहे. पिन अडकली असेल, पिस्टन अडकला असेल किंवा पॅड संपत आला असेल. अनेक पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी बसवलेली असते. घर्षणाचा थर साधारण २ ते ३ मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते, जेणेकरून मालकाने वेळीच पॅड बदलावेत. काही गाड्यांत ही पट्टी ब्रेक दाबल्यावर वाजते, तर काहींत चाक फिरत असतानाच.

ब्रेकशी काहीही संबंध न ठेवता पत्रा घासल्यासारखा खर्र आवाज येत असेल, वळणावर तो कमी-जास्त होत असेल आणि गाडी नुकतीच मुरमाच्या रस्त्यावरून आलेली असेल, तर डिस्क व तिच्या मागचा संरक्षक पत्रा यांच्या फटीत खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. गाडी थोडी मागे-पुढे केल्यावर तो पुष्कळदा आपोआप पडतो. न पडल्यास चाक काढून पत्रा हाताने किंचित मागे वाकवावा, खडा निघतो. या एका खड्यापायी पॅड बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

घरघर करणारा, धातूवर धातू घासल्याचा जाड आवाज आला आणि त्याचे हादरे पेडलमध्ये जाणवले, तर पुढचे काहीही वाचत बसू नये. घर्षणाचा थर संपून पोलादी पट्टी थेट डिस्कला लागत असते आणि अशी गाडी चालवणे धोक्याचे आहे. ती जागेवर उभी करून मेकॅनिकला तेथे बोलवावे किंवा गाडी टोइंगने न्यावी. पेडल खाली जात असेल, मऊ लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेक ऑइलची पातळी अचानक घटली असेल, तरी हेच लागू पडते.

दोन आवाज ब्रेकचे वाटतात, पण ते ब्रेकचे नसतात. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि वळताना बदलणारी घुंई-घुंई ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते, आणि खड्ड्यातून जाताना येणारी कुरकुर सस्पेन्शनच्या रबरी बुशांची.

एक तपासणी चाक न काढताही करता येते. तीन-चार किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक लावून गाडी चालवावी, थांबवावी आणि चारही रिमांजवळ तळहात न टेकवता न्यावा. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, असे समजावे. मे महिन्यात ही तपासणी पहाटे करावी, कारण दुपारी उन्हात उभी असलेली गाडी चारही बाजूंनी तापलेलीच असते.

हत्यारे आणि जागा

गाडीसोबत मिळणारा जॅक आणि व्हील पाना यांखेरीज दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवण्याचे आधार), १२ ते १७ मिलिमीटरचे रिंग पाने किंवा सॉकेट, तारेचा ब्रश, कानस, व्हर्नियर, सिरिंज, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, उच्च तापमानाचे सिलिकॉन ग्रीस, १२० नंबरचा पॉलिश पेपर, एक सी-क्लॅम्प, बांधायला तार, टॉर्च, हातमोजे आणि चांगला मास्क एवढे साहित्य पुरते. मास्क टाळू नये, कारण ब्रेकची काळी भुकटी फुप्फुसांना घातक असते आणि जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. ही भुकटी तोंडाने फुंकू नये, कंप्रेसरच्या हवेने उडवू नये. ती ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने काढावी. अनेक ठिकाणी रॉकेलने किंवा डिझेलने ब्रेक धुण्याची पद्धत आहे, ती पूर्णपणे चुकीची आहे. या दोन्हींचा तेलकट थर मागे राहतो आणि पॅड तो शोषून घेतात.

जागा सपाट आणि टणक हवी. काळ्या मातीच्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर जॅक लावला, तर तो गाडीच्या वजनाने हळूहळू खचतो, आणि उन्हाळ्यात दुपारचे डांबरही मऊ पडलेले असते. काँक्रीट किंवा चांगली फरशी उपलब्ध नसल्यास जॅकखाली जाड, रुंद फळी घ्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. स्टँड लावावेतच, आणि काढलेले चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे गाडी घसरलीच तर ती चाकावर टेकेल.

पुढचे चाक काढायचे असल्यास हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत आणि मगच मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी. नुकतीच चालवलेली गाडी असल्यास किमान अर्धा तास थांबावे, कारण तापलेल्या डिस्कने हात भाजतो. ती लवकर थंड व्हावी म्हणून पाणी मारण्याचा मोह अनेकांना होतो. गरम ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले तर डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. लांबचा प्रवास करून थेट वॉशिंग सेंटरवर गेल्यासही हाच धोका असतो.

चाक काढल्यावर काय पाहावे

नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारणपणे १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरला असेल, तर पॅड बदलावेत, आणि ते एकाच चाकाचे न बदलता पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. मोजताना पोलादी पट्टीची जाडी धरू नये, ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते. बाहेरचा पॅड चाक काढताच दिसतो, पण खरी माहिती आतल्या पॅडकडे असते, म्हणून टॉर्चने तोही पाहावा. दोन्ही पॅडच्या जाडीत ठळक फरक आढळला, तर स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकला आहे, हे नक्की समजावे. अशा वेळी नुसते पॅड बदलल्यास तेही तसेच तिरके झिजतील आणि आवाज पुन्हा येईल.

डिस्कवर बारीक गोल रेषा असणे स्वाभाविक आहे. नख अडकेल इतकी खोल चर, निळसर डाग, तडा किंवा बाहेरच्या कडेला उंच उभी राहिलेली गंजलेली कड दिसली, तर डिस्ककडे लक्ष द्यावे लागेल. पुष्कळ डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते; व्हर्नियरने मोजल्यावर जाडी तिच्याखाली गेलेली आढळल्यास डिस्क बदलणे हा एकच मार्ग उरतो. ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि त्याची तपासणी लेथवर काम करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावी.

सफाई, पिन आणि ग्रीस

कामाला हात घालण्यापूर्वी मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि एका वेळी एकाच चाकाचे काम करावे, म्हणजे जोडणीत शंका आली तर दुसरे चाक नमुना म्हणून समोर असते. बहुतेक लहान गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर उघडतो. तो पूर्ण काढावा लागला, तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचे वजन कधीही लटकू देऊ नये, आणि जवळच असलेली एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर ताणू नये. कॅलिपर उघडा असताना कोणीही पेडल दाबणार नाही, याची काळजी घ्यावी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

पॅड बाहेर काढून त्यांचा पृष्ठभाग पाहावा. तो चकचकीत झाला असेल, तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर पॅड आठाच्या आकारात फिरवावा, चकाकी जाईपर्यंतच. अधिक घासून थर वाया घालवू नये. धारदार झालेल्या कडा कानशीने किंचित उतरत्या कराव्यात, त्याने थरथर कमी होते. डिस्कच्या दोन्ही बाजूंवरूनही तोच पेपर हलक्या हाताने फिरवावा आणि मग ब्रेक क्लीनरने ती स्वच्छ करावी. पॅडवर तेल, ग्रीस किंवा गळालेले ब्रेक ऑइल मुरले असेल, तर तो घासून वाचत नाही. असा पॅड फेकून द्यावा आणि गळती शोधावी.

यानंतर स्लाइड पिन, आणि आपल्या भागात सर्वाधिक वेळ येथेच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पिनांवरचे रबरी बूट (धूळ रोखणारी आवरणे) जपून बाजूला करून दोन्ही पिना ओढून काढाव्यात. त्या बोटांनी सहज सरकत नसतील, त्यांच्यावर वाळलेले ग्रीस आणि मातीचा लेप दिसत असेल, तर आवाजाचे मूळ सापडले, असे समजायला हरकत नाही. पिना व त्यांची भोके पुसून कोरडी करावीत. वरची आणि खालची पिन अनेक गाड्यांत वेगवेगळी असते, एकीवर रबरी बुश असतो, म्हणून त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. पिनेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. बेअरिंगचे साधे ग्रीस येथे वापरू नये, कारण खनिज तेलाने रबरी बूट फुगतात आणि थोड्याच काळात पिन पुन्हा जाम होते. बूट फाटलेला असेल तर तो त्याच वेळी बदलावा. नाहीतर पुढच्या धुळीच्या हंगामात हे सर्व काम नव्याने करावे लागेल.

पॅड ज्या खाचेत बसतो, तेथील पोलादी क्लिपा काढून खाली साठलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडावा. क्लिप वाकलेली किंवा गंजून पातळ झालेली असल्यास नवी घ्यावी, कारण पॅडला खडखडू न देणे हेच तिचे काम असते. नवे पॅड घेताना पाठीवरच्या पत्र्या आणि क्लिपा सोबत मिळतात का, ते पाहावे. स्वस्त पॅडमध्ये पुष्कळदा त्या नसतात आणि घर्षणाचा थरही टणक असतो, त्यामुळे नवे पॅड टाकूनही गाडी वाजते आणि दोष मात्र मेकॅनिकला मिळतो. पॅडच्या पट्टीची टोके जिथे खाचेत टेकतात आणि तिची पाठ जिथे पिस्टनला व कॅलिपरला लागते, तेवढ्याच जागी उच्च तापमानाच्या ग्रीसचे पुसट बोट फिरवावे. घर्षणाच्या थरावर किंवा डिस्कवर ग्रीसचा ठिपकाही पडता कामा नये. आवाज थांबवण्यासाठी चाकाच्या फटीतून तेल किंवा गंज काढण्याचा स्प्रे मारणारे लोक भेटतात. त्याने आवाज थांबतो आणि ब्रेकही लागत नाही.

जाड नवे पॅड बसण्यासाठी पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहावी, कारण पिस्टन मागे जाताना ऑइल टाकीत परत येते. पॅड झिजल्यामुळे पातळी उतरलेली असताना कोणी वरून ऑइल भरले असेल, तर आता ते सांडेल आणि गाडीचा रंग खराब करील. पातळी जास्त असल्यास स्वच्छ सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाब द्यावा. पिस्टन जोर लावूनही जात नसेल किंवा त्याच्या रबराजवळ ओल दिसत असेल, तर काम तेथेच थांबवून मेकॅनिककडे सोपवावे. मागच्या चाकांना डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यास तो आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. अशा गाडीचे मागचे काम नवशिक्याने घरी करू नये.

मागचे ड्रम

ड्रमच्या बाबतीत मी नवशिक्याला सफाईपुरतेच थांबायला सांगेन. पुढच्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावून हँडब्रेक सोडावा आणि ड्रम ओढून काढावा. तो निघत नसेल, तर अनेक गाड्यांच्या ड्रमवर असलेल्या दोन आटेदार भोकांत बोल्ट सारखे-सारखे आवळले की तो बाहेर येतो. आतली भुकटी ब्रेक क्लीनरने धुवावी. ब्रेक शूची जाडी पाहावी आणि व्हील सिलिंडरच्या (शू ढकलणाऱ्या भागाच्या) टोपणांभोवती ओल नाही ना, ते तपासावे. शूच्या कडा मागच्या पत्र्यावर जिथे टेकतात, त्या जागा कोरड्या पडल्या की करकर ऐकू येते. तेथे ग्रीसचा बारीकसा ठिपका पुरतो. स्प्रिंगा, अ‍ॅडजस्टर आणि शू यांची उघडजोडणी मात्र अनुभवी हाताकडून करून घ्यावी.

जोडणी आणि रस्त्यावरची चाचणी

कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या जोराप्रमाणे) आवळावेत. चाकाचे नट आधी हाताने बसवून, गाडी खाली घेतल्यावर समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करावेत. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका टॉर्क लागतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल तळाला जाते, आणि ही गोष्ट विसरून गाडी काढणारा माणूस थेट फाटकावर जाऊन आदळतो. त्यानंतर ऑइलची पातळी पुन्हा पाहावी आणि अंगणातच चालण्याच्या वेगाने ब्रेक तपासावा.

नवे किंवा घासलेले पॅड डिस्कवर नीट बसण्यासाठी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० किलोमीटरपर्यंत, मध्यम जोराने आणि गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा वेग कमी करावा. प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर जाऊ द्यावे, म्हणजे डिस्क थंड होते, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवावे. रावेर-यावलकडून केळी भरून आलेले ट्रक मागे असताना महामार्गावर हा प्रयोग करू नये. तापलेले पॅड घेऊन लगेच गाडी उभी करून हँडब्रेक ओढणेही टाळावे. शंभर किलोमीटरच्या आत चाकाचे नट पुन्हा एकदा तपासावेत.

दोन-तीनशे किलोमीटरनंतरही हलक्या ब्रेकवर बारीक आवाज उरला असेल, पिना मोकळ्या असतील, पॅड जाड असतील आणि डिस्क सपाट असेल, तर तो पॅडच्या मिश्रणाचा स्वभाव असतो. त्याने ब्रेकिंगला धोका नसतो. फार त्रास होत असल्यास पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारचे पॅड घ्यावेत. गाडी महिनाभर गावी उभी राहणार असेल, तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहीत. पिनांची सफाई मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करून घेणे आपल्या भागाला सोयीचे पडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांची असते. त्यामुळे दर दोन वर्षांनी, आणि घाटातल्या प्रवासाचा बेत असल्यास त्याआधीच, ते बदलून घ्यावे.